इंजिन बदला, रूळ नको

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली गावे, खारी (खाडीचे पाणी बांधाने अडवून केलेली शेतजमीन), मूर्तिशाळा आणि जुने कागद यांची माहिती आम्ही काही जण एका छोट्या विकीवर गोळा करत आहोत. विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची आणि अनेकांनी दुरुस्त करायची वही. आमची वही मीडियाविकी या प्रणालीवर चालते. मराठी विकिपीडियाही तिच्यावरच चालतो. तिच्या पानांवर ठळक अक्षरे, दुवे, तक्ते, साचे (एकदा घडवून अनेक पानांवर बोलावता येणारा मजकूर) हे सारे ज्या खुणांनी लिहितात त्या खुणांच्या भाषेला विकिटेक्स्ट म्हणतात. सध्या गटापुढे प्रश्न आहे की, विकिटेक्स्ट सोडून मार्कडाऊन ही दुसरी खुणांची भाषा घ्यावी का? बहुतेकांचे मत ‘घ्यावी’ असे आहे. नव्या पिढीच्या बहुतेक संगणकी मंडळींचेही हेच मत असते. मला ते चुकीचे वाटते. आमच्यासारख्या पुष्कळ मराठी गटांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. पहिला मुद्दा, मार्कडाऊन सोपे आहे. जॉन ग्रूबर यांनी २००४ साली ते मांडले तेव्हा त्यांचा हेतूच असा होता की कच्चा मजकूरही साध्या पत्रासारखा वाचता यावा. दुसरा, ते सर्वत्र चालते, त्यामुळे नव्या माणसाला वेगळे काही शिकवावे लागत नाही. तिसरा, रूपांतराचे कष्ट यंत्र घेईल. चौथा मुद्दा या साऱ्यांच्या मुळाशी आहे: खुणा म्हणजे मजकुराचा वेश. वेश बदलला तरी माणूस तोच राहतो, तेव्हा एवढा विचार कशाला?

या मुद्द्यांत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. विकिटेक्स्टमध्ये साच्यात साचा आणि त्यात पुन्हा साचा असे घरटे झाले की जाणत्या संपादकालाही कोणता कंस कुठे मिटतो ते कळत नाही. खुणांचा अर्थ ठरवणारे काटेकोर लेखी मानकही त्याला कधी मिळाले नाही. दोष खरे आहेत. पण या दोषांवर मार्कडाऊन हा उपाय आहे का, हे तपासायला हवे.

सोपेपणापासून सुरुवात करू. सोपे म्हणताना आपण लिहिणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर आणतो. आपल्याच इतिहासात लिहिणाऱ्याच्या सोयीची एक पराकाष्ठा होऊन गेली आहे, ती म्हणजे मोडी लिपी. आधी ओळभर शिरोरेघ आखून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हांची अडवणूक नाही. दिवसभरात ढीगभर पत्रे, हिशेब आणि सनदा लिहिणाऱ्या कारकुनाला याहून सोयीचे काही नव्हते. मोडी अवघड होती म्हणून गेली, असे आज सर्रास म्हटले जाते. तेही खरे नाही. लिहिणाऱ्याला ती सोपीच होती. छापता येत नव्हती असेही नाही. विल्यम कॅरी यांचा १८१० सालचा मराठी कोश बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडी खिळ्यांतच छापला गेला. मोडीची सारी सोय लिहिणाऱ्याच्या पदरात होती आणि सारे कष्ट वाचणाऱ्याच्या. लिहिणारा आणि वाचणारा एकाच कचेरीत बसत होते तोवर हा व्यवहार निभला. छापील पुस्तक जेव्हा अनोळखी वाचकाच्या हाती जाऊ लागले, तेव्हा बालबोध (देवनागरी) अक्षराची बाजू वरचढ झाली.

विकीवरचे पान एकदा लिहिले जाते, दहा वेळा दुरुस्त होते आणि शेकडो वेळा वाचले जाते. म्हणून ‘सोपे’ म्हटले की लगेच विचारायला हवे, कोणासाठी? पहिला मसुदा खरडणाऱ्यासाठी, की पाच वर्षांनी त्याच पानावरची चूक शोधणाऱ्यासाठी? मार्कडाऊनचे गुणगान बहुधा पहिल्याच्या सोयीचे असते.

बरे, लिहिणाऱ्याला तरी ते सोपे आहे का? कोणता लिहिणारा, यावर ते ठरते. आमच्या गटातले काही जण सरकारी कचेऱ्यांत रूढ असलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकन करतात. मार्कडाऊनमध्ये शीर्षकासाठी # लागते. इनस्क्रिप्टवर ती कळ दाबली की रकार उमटतो. ठळक अक्षरांसाठी * हवे. तिथे ‘श्र’ येतो. अधोरेषा _ मागितली तर विसर्ग मिळतो. विकिटेक्स्टचे चौकोनी कंसही या कळफलकावर नाहीत, तिथे ‘ड’ आणि नुक्ता आहेत. म्हणजे दोन्हींत भाषा बदलूनच खुणा घालाव्या लागतात. ज्या सोपेपणाची ग्वाही दिली जाते तो रोमन कळफलकाचा सोपेपणा आहे. इनस्क्रिप्टवर मराठी टंकणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही.

पुढे व्याकरणाची गोष्ट येते, आणि मराठी माणसाने तर तिथे थांबलेच पाहिजे. मराठी शब्द वाक्यात एकटा येत नाही, प्रत्यय घेऊन येतो. मार्कडाऊनला २०१४ साली कॉमनमार्क नावाचे काटेकोर रूप देण्यात आले. त्याच्या नियमाने _पेण_च्या असे लिहिले तर ‘पेण’ तिरपे होत नाही, कारण शब्दाच्या मध्ये आलेली अधोरेषा तिथे खूण मानली जात नाही. **‘उघाडी’**च्या असे लिहिले तर तारे तसेच्या तसे पानावर दिसत राहतात, कारण अवतरणचिन्हानंतरच्या ताऱ्यांना लागूनच अक्षर आले की ते मिटणारे तारे धरले जात नाहीत. जिथे शब्दानंतर जागा सोडतात किंवा विरामचिन्ह येते अशा भाषा डोळ्यांपुढे ठेवून हा नियम केलेला आहे. क्रमवार यादीची स्थिती आणखी वाईट. कॉमनमार्कला क्रमांक म्हणून फक्त इंग्रजी आकडे ओळखता येतात. ‘१.’ असे देवनागरीत लिहिले की यादी तयारच होत नाही, साधा परिच्छेद होतो. आकडे मराठीत लिहावेत हा आग्रह ज्या गटाने पहिल्या दिवसापासून धरला, त्याने हे आनंदाने कसे स्वीकारावे?

विकिटेक्स्टमध्ये याउलट, मराठी भाषा निवडलेल्या मीडियाविकीत [[पेण]]च्या असे लिहिले की प्रत्ययही दुव्यातच सामावतो. रोह्याचे मात्र सामान्यरूप होते, म्हणून तिथे [[रोहा|रोह्याच्या]] असे लिहावे लागते. आमच्या दोन गावांच्या नावांतच मराठी दुव्यांचा सगळा धडा आहे. मार्कडाऊनच्या दुव्यात कंसाबाहेरचा प्रत्यय बाहेरच राहतो, आणि पानाच्या नावात जागा असेल तर ते नाव आणखी कोनी कंसात घालावे लागते.

विकिटेक्स्टचे दुवे मराठीला मानवतात, ही गोष्ट योगायोगाने झालेली नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला तेव्हा शब्दाच्या मधोमध मोठे रोमन अक्षर आले की दुवा होत असे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत, म्हणजे त्या पद्धतीत मराठी दुवा लिहिताच आला नसता. २००१ च्या जानेवारीत विकिपीडियाही त्याच रीतीने सुरू झाला आणि त्याच वर्षी त्याने दुहेरी चौकोनी कंसाचा मोकळा दुवा आणला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो या कंसांच्या आधारावर. पुढे खुणांतले शब्दही मराठी झाले. चित्र लहान हवे तर ‘इवलेसे’, कडेला हवे तर ‘उजवे’ किंवा ‘डावे’, एका नावावरून दुसऱ्यावर न्यायचे तर ‘#पुनर्निर्देशन’, आणि ‘वर्ग’, ‘सदस्य’, ‘चर्चा’, ‘साचा’ हे तर आता आमच्या बोलण्यातलेच शब्द आहेत. एका भाषेने एका यंत्रात घर केले ते असे, एकेका शब्दाने. ते सोडताना आपण काय सोडतो आहोत हे कळले पाहिजे.

दुसरा मुद्दा, मार्कडाऊन सर्वत्र चालते. प्रश्न असा की कोणते मार्कडाऊन? ग्रूबर यांच्या मूळ मांडणीत तक्ता नाही, तळटीप नाही. ज्याने त्याने आपापल्या गरजेने भर घातली आणि बोली तयार झाल्या. त्या आवरायला कॉमनमार्क आले, तरी बोली राहिल्याच. २०१६ साली मार्कडाऊनची इंटरनेटवर अधिकृत प्रकार म्हणून नोंद झाली, तेव्हा त्या नोंदीतच ‘कोणती बोली’ हे सांगायला एक वेगळा रकाना ठेवावा लागला. एका जागी तक्ता म्हणून दिसणारा मजकूर दुसऱ्या जागी उभ्या दांड्यांची रांग होतो, हे वापरणाऱ्यांनी अनुभवलेले आहे. चार ओळींच्या टिपणाला बोलीतला फरक जाणवत नाही. आमच्या पानांना जाणवेल.

तो का जाणवेल, हे तिसऱ्या मुद्द्यात आहे. रूपांतर यंत्र करेल असे म्हणतात. पँडॉक नावाचे उत्तम साधन २००६ पासून उपलब्ध आहे आणि ठळक अक्षरे, शीर्षके, साधे दुवे ते बिनचूक बदलते. पण साचे ते उलगडत नाही. वगळते किंवा कच्चेच ठेवते. आमच्या विकीत जे काही मोलाचे आहे ते साच्यांतच आहे.

पेणच्या माणसाला साचा समजावून सांगायला नको. मूर्तिशाळेत साच्यात शाडू दाबला की मूर्तीचा घाट येतो. मग जोड घासणे, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी हे हाताचे काम. साच्यात नाकाची रेघ चुकली की त्या हंगामातली प्रत्येक मूर्ती तीच चूक घेऊन बाहेर पडते. विकीवरच्या साच्याची ताकद याहून एक पाऊल पुढची आहे: साचा दुरुस्त केला की आधी घडलेल्या साऱ्या मूर्तीही दुरुस्त होतात. पेण तालुक्यातल्या प्रत्येक खारीच्या पानावर आमचा एक साचा आहे. त्यात कोणती खाडी, बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) कुठून कुठवर, उघाड्या (पाणी सोडण्याची दारे) किती, आत कोणत्या गावांची शेते, खांड कधी गेली (बांध कधी फुटला), असे रकाने आहेत. ‘उघाडी’ म्हणायचे की ‘उघडी’ हे ठरले की साच्यातला एक शब्द बदलायचा, पन्नास पाने उघडायची नाहीत. मार्कडाऊनच्या मानकात एक मजकूर दुसऱ्या पानावरून बोलावून घेण्याची सोयच नाही. रूपांतरानंतर प्रत्येक पानावर त्या क्षणीचे साच्याचे चित्र गोठून बसेल. दिसायला सारे जागेवर असेल आणि त्यांना जोडणारा धागा तुटलेला असेल.

आणि इतिहासाचे काय? विकीच्या प्रत्येक पानामागे त्याच्या जुन्या आवृत्त्यांची चळत असते. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली ते तिथे दिसते. रूपांतराच्या दिवशी खुणा असलेली प्रत्येक ओळ बदललेली दिसेल, आणि त्या दिवसापलीकडे ओळीचा माग काढणे अवघड होईल. शिवाय जुन्या आवृत्त्या जुन्याच खुणांत राहणार, म्हणजे त्या वाचणारा माणूस गटात ठेवावाच लागेल. मोडीच्या बाबतीत हेच घडले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवली जात होती; मग ती थांबली, पण कागद तिथेच राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० नंतर त्यातली निवड ४५ खंडांत छापली गेली, तरी उरलेल्या साठ्यापुढे ती ओंजळभरच. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा राज्यभर मोडी वाचकांची गरज पडली. कागद होते आणि गरजही होती. वाचणारे मात्र फार थोडे उरले होते. बालबोध स्वीकारणे बरोबरच होते. चूक झाली ती जुन्याच्या जाणकारांची साखळी तुटू देण्यात.

आता चौथा आणि मूळचा मुद्दा, खुणा म्हणजे वेश. आमच्या विकीवर जुन्या मोडी कागदांची बालबोध वाचने आहेत. जिथे अक्षर लागले नाही तिथे आम्ही एक साचा घालतो, आणि वाचकाला तो शब्द प्रश्नचिन्हासह, फिक्या रंगात दिसतो. जिथे कागद फाटला आहे तिथे दुसरा साचा, जिथे शब्द आम्ही संदर्भाने भरला तिथे तिसरा. छापील साधनग्रंथांचे संपादक कंस, टिंबे आणि प्रश्नचिन्हे वापरून हेच करत आले आहेत. ही खूण काढून घेतली तर मजकुरातले एक अक्षरही कमी होत नाही, पण अर्थ उलटतो: आमचा अंदाज पुरावा होऊन बसतो. एखाद्या शेताची हद्द, एखाद्या घराण्याचे नाव अशा अंदाजावर ठरू शकते. अशा जागी खूण हा मजकुराचाच भाग असतो. लेखकाने किती खात्रीने काय म्हटले, हे तीच सांगते.

यावर एक जोरदार आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच मांडतो. रेल्वेने आपल्या रुळांचे माप बदललेच की! मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ येत. १९९२ पासून देशभर एकच माप करण्याचा मोठा कार्यक्रम राबवला गेला आणि त्याने देशाचे भलेच झाले. मग खुणांचे माप एक करायला विरोध का?

दाखला बरोबर आहे. माप बदलण्याचा खर्च परवडला, कारण न बदलण्याचा खर्च रोजचा होता. प्रत्येक जंक्शनवर माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. आमच्या विकीचा मजकूर रोज दुसऱ्या प्रणालीत चढवावा-उतरवावा लागतो का? नाही. तो इथेच लिहिला जातो, इथेच वाचला जातो. ज्या गटाचे लिखाण संगणकाच्या प्रोग्रामबरोबर एकाच कोठारात राहते आणि रोज त्याच्याबरोबर फिरते, त्या गटाने खुशाल मार्कडाऊन घ्यावे. ज्यांच्या विकीत साचे नाहीत, पाने थोडी आहेत आणि इतिहासाला मोल नाही, त्यांनीही घ्यावे. ज्यांची प्रणाली बंद पडली आहे त्यांना तर बदलावाचून गत्यंतरच नाही. माझा विरोध बदलाला नाही, निकष न लावता केलेल्या बदलाला आहे.

रेल्वेचाच दाखला घ्यायचा तर तो मिरजेहून रोह्याला आणू. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि तिथूनच सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे सुरू होते. कारभार बदलतो, पण गाडीला जाणवत नाही, कारण रुळांचे माप तेच आहे. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा त्यावर डिझेलची इंजिने धावत होती. २०२२ पर्यंत सारा मार्ग विजेवर आला. इंजिन बदलले, तारा आल्या, वेग आणि खर्च बदलला. माप जिथल्या तिथे राहिले.

विकीवरही हाच मार्ग मोकळा आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०१३ साली दृश्य संपादक आणला. त्यात लिहिणाऱ्याला खुणा दिसत नाहीत, पान जसे दिसते तसेच तो लिहितो आणि मागे विकिटेक्स्ट जपले जाते. सुरुवातीला त्यावर मोठी नाराजी झाली, पण साठवणीची भाषा कोणी बदलली नाही, म्हणून दुरुस्तीला वाव राहिला. २०२० च्या आवृत्तीपासून हा संपादक मीडियाविकीबरोबरच मिळतो. नव्या माणसाला खुणांची भीती वाटते हा पूर्वपक्षाचा खरा मुद्दा आहे, आणि त्याचे उत्तर इथे आहे. साच्यांच्या घरट्यांवरही उपाय साचे साफ करण्यात आहे. तो प्रश्न घर सोडून जाण्याने सुटत नाही.

या वादात आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाची आठवण मला मार्गदर्शक वाटते. विनोबा भावे १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. भारतातल्या भाषांनी नागरी लिपी घ्यावी असा त्यांचा आग्रह होता, आणि १९७५ साली त्यांच्या प्रेरणेने नागरी लिपी परिषद स्थापन झाली. पण त्यांची मागणी अशी होती की प्रत्येक भाषेने आपली लिपी ठेवावी आणि नागरीतही लिहावे. नागरीच हवी असे ते म्हणत नव्हते, नागरीही हवी असे म्हणत होते. इतक्या मोठ्या प्रश्नात ज्यांना हे भान होते त्यांच्या तालुक्यातल्या विकीने ते लहान प्रश्नात सोडू नये. मीडियाविकीत २०१३ पासून पानागणिक मजकुराचा प्रकार वेगळा ठेवता येतो. ज्या टिपणांना साचे लागत नाहीत ती मार्कडाऊनमध्ये असायला माझी हरकत नाही. खारींची पाने आणि मोडी वाचने मात्र आहेत तशी राहू द्यावीत.

म्हणून गटापुढे माझे म्हणणे असे आहे. मतदान आधी नको. आधी साच्यांची यादी करू, प्रत्येकापुढे तो काय सांगतो ते एका ओळीत लिहू, आणि रूपांतराचा प्रयोग दहा पानांवर करून पाहू. ती दहा पाने सर्वांत सोपी निवडू नयेत. त्यात निदान एक मोडी कागदाचे वाचन असावे. रूपांतर झालेले पान ज्याने तो कागद वाचला त्याच्यापुढे ठेवावे आणि एवढेच विचारावे: तुम्हाला जिथे खात्री नव्हती ते शब्द अजून ओळखू येतात का?